लाइन गेली होती, खटका चालू होता

मित्रांनो, तुम्ही मला कुठे पाहिलं असेल, तर माझं अर्धंच अंग पाहिलं असेल. मी एक जुनी गोल करवत आहे. लोखंडी टेबलाच्या मधोमध एक फट असते. तिच्यातून माझं दातेरी पातं चतकोर भाकरीएवढं वर डोकावतं. बाकीचं पातं, पट्टा आणि मोटर खाली अंधारात असतात. वीज मिळाली की मी इतक्या वेगाने फिरते की माझे दात दिसेनासे होतात. पाहणाऱ्याला वाटतं, तिथे काही नाहीच, नुसता वारा आहे.

करवतीला कशाची भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मी भित्री आहे. फार भित्री. मी ज्याला भिते, ते माझ्याच अंगात आहे. म्हणून मला त्याच्यापासून पळताही येत नाही.

माझा जन्म मलकापूरचा. रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये जाड लोखंड कापून, जोडून माझं टेबल उभं केलं गेलं. मालगाडी गेली की तिथली जमीन थरथरायची, आणि माझे चारही पाय तिच्याबरोबर थरथरायचे. तिथेच रुळांकाठी शेड असलेल्या पंजाबराव नावाच्या सुतारांनी मला विकत घेतलं. दारांच्या चौकटी आणि खिडक्या बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पाती झिजतात, पाती बदलतात, पण टेबल आणि मोटर तीच राहते. त्या अर्थाने मी अजून त्यांचीच करवत आहे.

त्यांच्याकडे आले त्याच महिन्यातली गोष्ट. कडुनिंबाची एक ओली फळी ते माझ्यातून चिरत होते. अर्ध्यावर आल्यावर फळीतली चीर मिटली आणि माझं पातं तिच्या चिमट्यात सापडलं. मी ती फळी उलटी भिरकावली. मला भिरकवायची नव्हती, पण फिरणाऱ्या पात्याला थांबता येत नाही. फळी पंजाबरावांच्या कमरेजवळून गेली आणि मागचा पत्रा फाडून बाहेर पडली.

पंजाबरावांनी मोटर बंद केली. ते त्या भोकापाशी जाऊन उभे राहिले. भोकातून पलीकडचे रूळ दिसत होते. त्यांनी आपल्या पोटावरून एकदा हात फिरवला आणि ते खाली बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पत्र्याची टोपी बनवली. लाल रंग दिला आणि माझ्या पात्यावर बसवली. लाकूड टोपीखालून जायचं, पण माणसाचं बोट जाऊ शकत नव्हतं. आणखी एक सवय त्यांनी स्वतःला लावली. पात्याजवळ हात न्यायचा असला, की आधी भिंतीवरच्या बोर्डातली पिन ओढून काढायची. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "मशीन बंद हाय का चालू, हे मशीनले इचारू नोको. बोर्डाले इचार."

त्या टोपीखाली माझी बरीच वर्षं सुखात गेली. मी चिरलेल्या कडेवरून लोक बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "काय साफ कटाई हाय राजेहो!" कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडायचं.

मग पंजाबरावांची नजर कमी झाली. पेन्सिलीची रेघ त्यांना दोन दोन दिसू लागली. धामणगाव बढ्याचे इंद्रभान हे सुतार त्यांच्या ओळखीचे होते. पंजाबरावांनी मला त्यांच्या हवाली केलं. मला टेम्पोत चढवल्यावर पंजाबरावांनी माझ्या टोपीवर हात ठेवला आणि ते इंद्रभानला म्हणाले, "मशीन एक नंबर हाय. पन हिच्यावर भरवसा ठेवू नोको बे. भरवसा ठेवला का माणूस ढिला पडते."

"हाव काका," इंद्रभान म्हणाले. पण त्यांचं अर्धं लक्ष दोरी बांधण्यात होतं. ते मला दिसलं आणि टेम्पो हलल्यापासून माझ्या मनात धाकधूक सुरू झाली.

इंद्रभानचं वर्कशॉप म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. माणूस मनाचा फार चांगला. काम घेतलं की ते आधी त्या घरी जायचे, वापरणाऱ्या माणसाला उभं करून, बसवून मापं घ्यायचे. एका म्हाताऱ्या बाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. त्यांच्यासाठी त्यांनी खुर्चीच्या उंचीला येईल असा देव्हारा केला. एका घरी जुळी मुलं झाली, तर मधे दांडी असलेला दुहेरी पाळणा केला. शेडमध्ये सागवानाचा वास भरलेला असायचा, आणि दारात त्यांची मुलगी योगिनी बसलेली असायची. ती दुसरीत होती. उरलेल्या तुकड्यांतून ती गाव मांडायची. हे शाळेचं घर, ही गिरणी, हा बसस्टँड. मशीन चालू असताना उंबरठा ओलांडायचा नाही, असा इंद्रभानचा तिला सक्त हुकूम होता.

तुकडे तिच्या आईच्याही नजरेत भरले. अनुपमा तिचं नाव. एवढं चांगलं सागवान चुलीत घालायचं तिच्या जिवावर यायचं. तिने एका शिक्षिकेसाठी फोटोची चौकट बनवली, कोणाच्या दारावरची नावाची पाटी बनवली, मग राख्यांसाठी छोट्या डब्या बनवल्या. लोक मोबाईलवर फोटो पाहायचे आणि ऑर्डर द्यायचे. लाकूड मी कापायची, म्हणजे इंद्रभान माझ्याकडून कापून घ्यायचे. घासणं, जोडणं, पॉलिश करणं अनुपमाचं. दोघं शेजारी बसून काम करत, आणि घरात हसण्याचा आवाज असे.

पण मित्रांनो, लहान वस्तूंना लहान तुकडे लागतात. लहान तुकडे माझ्या टोपीखालून नीट जाईनात. ते टोपीच्या कडेला अडायचे. एक दिवस इंद्रभान वैतागले. त्यांनी पाना घेतला, टोपीचे बोल्ट सोडले आणि टोपी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

अनुपमा म्हणाली, "टोपी काऊन काढली वो?"

"एवढ्या कामापुरती. संध्याकाळी लावतो."

संध्याकाळ झाली आणि टोपी खिळ्यालाच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. तिच्यावर भुसा साचला, मग कोळ्याने जाळं केलं. मी उघडी पडले होते. रोज सकाळी खटका दाबला जायचा आणि इंद्रभानची बोटं माझ्याकडे येऊ लागायची. आता किती जवळ येतील, याच भीतीत माझा दिवस जायचा. एकदा एक तुकडा माझ्या दातांतून उडाला आणि त्यांच्या गालाला घासून गेला. रक्त आलं. त्यांनी ते खांद्यावरच्या रुमालाने पुसलं आणि हसले.

अनुपमा हसली नाही. "आज गालाले लागलं. डोया असता तं?"

"लावतो नं बाई टोपी. हे आर्डर होऊ दे."

ती ऑर्डर झाली, की पुढची यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पिंपळगाव राजाच्या कोकिळाताई आल्या. त्यांच्या मुलीचं, करिष्माचं लग्न ठरलं होतं. आलेल्या प्रत्येक बाईला कुंकवासाठी लाकडाचा छोटा करंडा द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. "दुकानातल्या पलाश्टिकच्या डब्या मले नाई पायजेत," त्या म्हणाल्या. "हातानं केलेलं काही तरी असलं पायजे. करिष्माची तेवढी एकच मागणी हाय."

काम मोठं होतं आणि लग्न जवळ होतं. इंद्रभान सकाळपासून माझ्यापाशी उभे असत. करंड्याचे तुकडे आगपेटीएवढे. असा प्रत्येक तुकडा ते चिमटीत धरून माझ्या दातांपाशी आणत. त्यांची नखं मला दिसत. नखांत अडकलेलं पॉलिशही दिसत होतं. मी लोखंडाची नसते तर किंचाळले असते.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ होती. कोकिळाताई तयार झालेले करंडे पाहायला आल्या होत्या आणि पुढच्या खोलीत अनुपमाशी बोलत होत्या. इंद्रभान मागे शेडमध्ये एक तिरपा तुकडा कापत होते. काप अर्ध्यावर आला आणि लाइन गेली. आमच्याकडे वीज गेली, की लाइन गेली असं म्हणतात. मी हळूहळू फिरायची थांबले. तुकडा पात्याच्या बाजूला, टेबलाच्या फटीत तसाच अडकून राहिला.

"इंद्रभान भाऊ, या वो इकडे," कोकिळाताईंनी हाक मारली. "झाकनाचं थोडं इचारायचं हाय."

इंद्रभाननी हात झटकले आणि ते घरात गेले. खटका त्यांनी बंद केला नाही. पिन काढली नाही. मी थांबले होते ना, मग बंद कशाला करायचं?

मित्रांनो, इथे नीट ऐका. मी बंद झाले नव्हते. मी फक्त थांबले होते. माझ्यात आणि फिरण्यात फक्त लाइन येण्याचं अंतर होतं. लाइन कधी येते? कधीही येते. कधी दिवसभर येत नाही, कधी डोळ्यांची पापणी लवेपर्यंत येते.

शेडमध्ये शांतता होती. पत्रे उन्हाने तडतडत होते. आणि मला छोट्या पावलांचा आवाज आला.

योगिनी उंबरठ्यावर उभी होती. तिने आत पाहिलं. मशीन गप्प होती. तिने उंबरठा ओलांडला.

फटीतला तो अडकलेला तुकडा तिला दिसला होता. वरून तिरपा, उतरत्या छपरासारखा. तिच्या गावात असं घर नव्हतं. तिने बापाचा लाकडी पाट ओढून आणला आणि त्यावर चढली. एक हात टेबलावर टेकला आणि दुसऱ्या हाताने तो तुकडा धरून ओढला. तुकडा हलेना. मग तिने बोटं आणखी आत घातली. तिची बोटं माझ्या दातांच्या मधल्या खाचांत बसली. एवढी लहान बोटं, की बरोबर बसली.

मी काय करू शकत होते? मला ओरडता येत नाही. मला मागे सरता येत नाही. तिच्या बोटांची ऊब माझ्या दातांना कळत होती. बोर्डावरचा खटका खाली दाबलेला आहे, हे त्या सगळ्या घरात फक्त मला माहीत होतं. नको येऊस, नको येऊस, अशी मी त्या विजेच्या तारांना मनातल्या मनात विनवणी करत होते. माझ्या मोटरीत भीती इतकी दाटून आली होती, की आता त्या भीतीनेच आपण फिरू लागतो की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात घरातून अनुपमाचा आवाज आला. "योगू कुठी गेली?"

योगिनीने ओ दिली नाही. तिचं सगळं लक्ष त्या छपरासारख्या तुकड्यात होतं.

अनुपमा शेडच्या दारात आली आणि जागच्या जागी थबकली. तिने आधी मुलीचा हात पाहिला. मग समोरच्या भिंतीवरचा बोर्ड पाहिला. तिच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. बोर्ड लाकडांच्या ढिगापलीकडे होता. ओरडावं, तर पोर दचकेल आणि तिचा हात दातांवर घसरेल. धावत जाऊन तिला उचलावं, तर ती तुकडा आणखी घट्ट धरेल.

अनुपमा ओरडली नाही. रोजच्या आवाजात, भाजी निवडताना बोलावं तशी ती बोलली. "योगू, तुह्या हाताले काय लागलं वं? दाखव बरं मले."

"काही नाई लागलं, आई. हे घर अटकलं."

"दाखव तं खरं. दोन्ही हात वर कर." बोलता बोलता ती लाकडांच्या ढिगाला वळसा घालू लागली. तिची नजर मुलीच्या बोटांवर होती.

योगिनीने टेबलावरचा हात वर केला. दुसरा तसाच होता.

"अन तो दुसरा?"

"सोडलं तं ते आत पडन नं."

"पडू दे. मी काढून देईन तुले. वर कर. आणखीन वर कर, पाहू तं पत्र्याले पुरते का."

योगिनीला गंमत वाटली. तिने बोटं काढली, दोन्ही हात वर केले आणि पाटावर टाचा उंच केल्या. त्याच क्षणी अनुपमाने बोर्डातली पिन उपटून काढली.

तिने अजून श्वासही सोडला नव्हता, तोच लाइन आली.

माझ्या डोक्यावरचा बल्ब लागला. घरातला पंखा घरघरला. पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली. कोकिळाताई आतून म्हणाल्या, "आली वो, आली!" सगळ्या धामणगावात जे जे फिरणारं होतं, ते फिरू लागलं.

मी फिरले नाही.

अनुपमा पिन मुठीत धरून भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

इंद्रभान पुन्हा कामाला लागायला म्हणून आले. त्यांनी पाटावर हात वर करून उभी असलेली पोरगी पाहिली आणि ते भडकले. "तुले सांगतलं होतं नं, मशीनपाशी येयाचं नाई म्हनून!"

योगिनीचे डोळे भरले. "तुमी म्हनले होते, चालू असली तं येऊ नोको. बंदच होती नं, बाबा."

इंद्रभाननी बोर्डाकडे पाहिलं. खटका खाली दाबलेला होता. त्यांनी बायकोच्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांनी योगिनीचा हात हातात घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहू लागले. सगळी चाचपून झाली, तरी पुन्हा पहिल्यापासून चाचपू लागले. कोकिळाताई दारात येऊन उभ्या होत्या.

त्या दिवसानंतर इंद्रभानना माझ्याजवळ येववेना. त्यांनी माझ्यावर ताडपत्री टाकली. हातकरवतीने काम रेटायचा प्रयत्न केला, पण काप वाकडा जायचा. ताडपत्रीखाली दिवस की रात्र कळत नव्हतं. उंदीर माझ्या पट्ट्याला दात लावून पाहायचे. कौतुक करणारं कोणी नव्हतं, शिव्या देणारंही नव्हतं.

मग एका सकाळी ताडपत्री निघाली. समोर कचरू भंगारवाला उभा होता. त्याने माझं टेबल ठोकून पाहिलं, मोटर हाताने फिरवून पाहिली.

आपण भट्टीत जाणार, याची मला भीती वाटली. पण पुढे तो जे बोलला, त्याने त्याहून मोठी भीती वाटली.

"हिले तोडनार हाय का?" अनुपमाने विचारलं.

"तोडनार कायले, बाई? चालू मशीन हाय. कोनी बी घेऊन जाईन."

"टोपी नाई तिले."

"टोपी कोन पाह्यते?"

अनुपमा माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटतं, आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली असावी. दुसरं एखादं घर, तिथली दुसरी कोणी तरी पोर.

"मंग नाई देयाची," ती म्हणाली.

इंद्रभान काही बोलू लागले, तर तिने त्यांना थांबवलं. "तुमच्या मनात धास्ती बसली, माह्याही बसली. पन मशीन दुसऱ्याच्या घरी पाठवून धास्ती जात नसते."

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.ने मलकापूरला गेली आणि पंजाबरावांना घेऊन आली. त्यांना आता फारसं दिसत नव्हतं. त्यांनी मला हातांनी ओळखलं. पात्यावर टोपी नाही, हेही हातांनाच कळलं. ते इंद्रभानला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चाल, पाना आन."

दिवसभर ते दोघं काम करत होते. टोपी स्वच्छ करून पुन्हा बसवली. आगपेटीएवढा तुकडा आत पकडून ठेवणारी एक लाकडी पेटी बनवली, म्हणजे बोटं माझ्यापासून वीतभर लांब राहतात. आणि बोर्डावर नवा खटका बसवला. "शेतातल्या मोटरले आटो लावतेत, लाइन आली का आपोआप चालू," पंजाबराव समजावत होते. "इथी त्याच्या उलटं पायजे. लाइन गेली का खटका खुद बंद झाला पायजे. मंग लाइन दहा वेळा येवो, मानसानं बटन दाबल्याबिगर मशीन फिरनार नाई."

उंबरठ्यावरचा नियमही बदलला. मशीन चालू असो की गप्प, मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय आत यायचं नाही. शेडच्या दाराला उंचावर कडी लागली.

पहिल्यांदा बटन दाबताना इंद्रभानच्या कपाळाला घाम होता. मीही घाबरलेलीच होते. आम्ही दोघांनी भीत भीत पहिला तुकडा कापला. तो सरळ आला. करिष्माच्या लग्नाचे करंडे वेळेत झाले.

त्यांच्या झाकणावर काही तरी नक्षी हवी होती. ते काम योगिनीला मिळालं. ती अंगणात सतरंजीवर बसली. कुंकवासारख्या लाल रंगात एका हाताची पाचही बोटं एकेक करून बुडवायची आणि झाकणावर गोल टेकवायची. पाच बोटांच्या पाच पाकळ्या, असं प्रत्येक करंड्यावर एक फूल. शेडच्या दारातून मला ती दिसत होती. अनुपमा करंडे वाळत ठेवत होती. इंद्रभान एकेक झाकण उचलून पाहत होते. मीही पाहत होते. प्रत्येक फुलाला पाचच्या पाच पाकळ्या होत्या.

मित्रांनो, मी अजून काम करते. अजून भितेही. टोपी असली, नवा खटका असला, तरी माझे दात तेच आहेत. तुमच्या घरी मी नसेन, पण पिठाची चक्की असेल, कडबा कापायचं यंत्र असेल, मिक्सर असेल, विहिरीवरची मोटर असेल. लाइन गेली की ती सगळी गप्प होतात. ती गप्प झाली, म्हणजे झोपली असं समजू नका. आधी मोठ्यांना हाक मारा. पिन काढली का, असं विचारा. ते हसले तरी विचारा. आणि तुमच्यापैकी जे उद्या मोठे होऊन माझ्यासारखीला कामाला लावतील, त्यांनी तिची टोपी कुठल्याही खिळ्याला अडकवू नये.

माझी भीती थोडी तुम्हीही बाळगा, मित्रांनो. एकटीला मला ती फार जड होते.